एकेरी तुटक रेषा

गाव नकाशावर बोट ठेवलंय ती एकेरी तुटक रेषा बघा. ही पायवाट, सव्वाआठ फुटांची. रेषा दुहेरी असती तर गाडीवाट. आता त्याच जागी शेतात या. तारेचं कुंपण, आत ऊस. मालक सातबारा पुढे करतो. रान त्याचंच आहे, वाद नाही. पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक पायवाट सरकारची. जमिनीचा गट नावावर आहे म्हणून वाट मालकीची होत नाही.

कुंपण शेवटी येतं. त्याआधी बांध कोरतात तशी वाट कोरली जाते, दर नांगरटीला एखादं तास, म्हणजे नांगराचा एक चर, आत.

अर्ज करताना आधी प्रकरण कुठलं ते ओळखा. नकाशातल्या वाटेवर अतिक्रमण असेल तर ते काढण्यासाठी तहसीलदारांकडे जा. नकाशात नसलेली, पण शेताकडे जायची जुनी वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5. इथे मुदत 6 महिने, वाट अडवली त्या दिवसापासून. गावकीत बैठका होतात, "सुगी होऊ द्या" म्हणतात, आणि सुगी सरते तोवर मुदतही सरते. बैठका घ्या, पण अर्ज आधी दाखल करा.

वाट नव्हतीच, नवी हवी, तर महसूल अधिनियमाचं कलम 143. ती बांधावरून मिळते, शेतकऱ्याला शेतात जाण्यापुरती. हौशी भटक्यांना गडावर जायला नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. जुनी वाट अडवलेली असताना लोक 143 खाली "नवीन रस्ता द्यावा" असं लिहितात. म्हणजे पूर्वी वाट नव्हती, हे अर्जदारानेच लिहून दिलं!

नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून पट्टीने मापं घेऊ नका. 1:10000 च्या नकाशात 1 मिलिमीटर म्हणजे 10 मीटर. पेन्सिलीची जाड रेघही वाट शेजारच्या गटात नेते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

स्थळपाहणीच्या दिवशी तुडवून घट्ट झालेली माती, ओढ्यात उतरायची झिजलेली उतरंड आणि वाट पुढे ज्या बांधावर निघते ती जागा दाखवा. लगतच्या खातेदारांचे जबाब पंचनाम्यात आलेच पाहिजेत.

आदेश हाती आला की त्याची प्रत तलाठ्याकडे द्या. मे 2025 च्या शासन निर्णयाप्रमाणे शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात घ्यायची आहे. ती राहून गेली आणि रान विकलं गेलं, तर नवा मालक तोच, वाटेची नोंद नसलेला सातबारा पुढे करतो.