त्या 240 तासांचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका हिशेबाने सुरुवात करू. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. सत्र 15 आठवड्यांचं धरलं तर हे झाले 240 तास. आता समजा, रसायनशास्त्राच्या एक मॅडम सहा महिन्यांसाठी बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात संशोधन करायला गेल्या. त्यांचे हे 240 तास कोण घेणार, आणि घेणाऱ्याला पैसे कोण देणार?

विद्यापीठातल्या संशोधकांना काही काळ उद्योगात पाठवणाऱ्या फेलोशिप आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. अशी कुठलीही योजना हाती आली की लोक आधी दरमहा किती मिळणार ते बघतात. माझं मत असं की आधी या 240 तासांची तरतूद बघावी. ती नसेल, तर विभागातले दोन सहकारी कुरकुरत ते तास वाटून घेतात, प्राचार्य दुसऱ्या महिन्यातच ‘आठवड्यातून दोन दिवस तरी येऊन जा’ म्हणतात, आणि मॅडम ना धड कारखान्यात, ना धड वर्गात. तासिका तत्त्वावर बदली शिक्षक नेमण्याइतका पैसा योजनेतच हवा, आणि तो कॉलेजच्या खात्यात सत्र सुरू होण्याआधी यायला हवा.

नागपूरला हा विषय परका नाही. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी आपली संपत्ती मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एलआयटी, उभी राहिली, आणि आज ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. शहरात व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, अमरावती रोडवर अॅल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळं यांच्या केंद्रीय संस्था आहेत, आणि हिंगणा, बुटीबोरी, मिहान या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर. तरीही प्राध्यापकाचा आणि कारखान्याचा संबंध बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या औद्योगिक भेटीपुरताच येतो. चहा, समोसा, ग्रुप फोटो, संपलं.

बाहेर हे कसं करतात? ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीची इंडस्ट्री फेलोशिप आहे. पूर्णवेळ असेल तर दोन वर्षांपर्यंत, अर्धवेळ असेल तर चार वर्षांपर्यंत. फेलोशिपमधून त्या व्यक्तीचं मूळ वेतन दिलं जातं, पण नोकरी मूळ संस्थेचीच राहते. फ्रान्सने 1981 पासून सिफ्र नावाची वेगळी वाट धरली. तिथे कंपनी पीएचडीच्या विद्यार्थ्याला तीन वर्षं नोकरीवर घेते आणि सरकार कंपनीला अनुदान देतं. आपल्याकडे पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिपमध्ये शिष्यवृत्तीचा अर्धा भार सरकार उचलतं आणि अर्धा कंपनी. शिक्षकांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेनेही उद्योगात वर्षभर राहण्याची फेलोशिप जाहीर केली आहे. योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची नियमावलीच हाती घ्यावी. मागच्या वर्षीची फॉरवर्ड होऊन आलेली पीडीएफ नको.

रॉयल सोसायटीच्या पद्धतीतली एक गोष्ट इथे मुद्दाम उचलण्यासारखी आहे. पगार मूळ संस्थेच्याच वेतन देयकातून निघत राहावा आणि निधी देणाऱ्याने तो संस्थेला भरून द्यावा. फेलोशिप थेट प्राध्यापकाच्या खात्यात आणि कॉलेजात बिनपगारी रजा, असं झालं की सेवेत खंड दिसतो, वेतनवाढ पुढे ढकलली जाते, आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांचं एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेचं अंशदान थांबतं. म्हणून जाण्याच्या आदेशात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात: हा काळ कर्तव्यावरचा धरला जाईल, पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्याच पदावर परतण्याचा हक्क, कायम राहील, आणि कॅसच्या, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या, बढतीसाठी हा काळ मोजला जाईल. ‘बघू नंतर’ हे उत्तर चालवून घेऊ नये, कारण नंतर बघणारे प्राचार्य वेगळे असतात.

पीएचडीचे विद्यार्थी असतील तर त्यांचीही सोय लागते. सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठ संशोधक असू शकतात. या मुलांसाठी सहमार्गदर्शक नेमून त्याला विद्यापीठाची मान्यता घ्यायला वेळ लागतो. ते काम आधी सुरू करा.

आता मुख्य गोष्ट, कामाचा प्रश्न. इथे अर्ज सर्वात जास्त फसतात. ‘संत्रा प्रक्रिया उद्योगाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, हे मथळ्याचं वाक्य झालं. नागपुरी संत्र्याच्या रसाची खरी अडचण वेगळी आहे. ताजा रस गोड लागतो, पण काही तासांनी, किंवा पाश्चरायझेशननंतर लगेच, तो कडवट होतो. फळाच्या पडद्यांत आणि बियांत लिमोनिनचं एक बेचव पूर्वरूप असतं. रस काढताना पेशी फुटतात, ते आम्लात मिसळतं आणि त्याचं लिमोनिन बनतं. उष्णतेने हे आणखी झपाट्याने होतं. रसात लिमोनिन साधारण 6 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 6 भागांच्या, वर गेलं की बहुतेकांच्या जिभेला कडवटपणा कळतो.

मग प्रश्न असा लिहायचा: या कारखान्याच्या याच लाइनवर, रस काढण्याचा दाब कमी केला आणि गर लवकर वेगळा केला, तर पाश्चरायझेशननंतरचं लिमोनिन किती खाली येतं, आणि त्यात रसाचा उतारा, म्हणजे तेवढ्याच फळातून निघणारा रस, किती टक्के घटतो? या वाक्यात दोन आकडे मोजायचे आहेत आणि दोन्ही कंपनीच्या कामाचे आहेत. लिमोनिन घटलं पण उतारा फार पडला, तर मालक ते करणार नाही, आणि करू नये. प्रयोगशाळेतल्या माणसाला हा दुसरा आकडा सुचत नाही. तो सुचावा म्हणूनच तर त्याला कारखान्यात पाठवायचं.

कडवटपणा काढायला रेझिनचा, म्हणजे कडू द्रव्य शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, स्तंभही वापरतात. प्रयोगशाळेत अर्धा लिटर रस त्यातून छान उतरतो. कारखान्यात हजारो लिटर सोडायला गेलं की गराने स्तंभ तुंबतो. आधी सेंट्रिफ्यूजने गर काढावा लागतो, अधूनमधून अल्कलीने रेझिन धुवावं लागतं, आणि त्या धुवणाचं पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं. तिथला माणूस तक्रार करतो तेव्हा कुठे कळतं की हा खर्च कुणी धरलाच नव्हता. अर्जाच्या अंदाजपत्रकात अशा गोष्टींसाठी रक्कम हवी.

नमुन्यांचंही तसंच. लाइनवरून घेतलेला रस बाटलीत तासभर टेबलावर राहिला तरी लिमोनिन बनत राहतं, आणि एप्रिलमध्ये नागपूरच्या शेडमध्ये किती तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नमुना घेतला की लगेच बर्फात, दिवसाच्या आत उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये, आणि बाटलीवर घेतल्याची वेळ मिनिटापर्यंत. लिमोनिन मोजणारं एचपीएलसी यंत्र कॉलेजात आणि लाइन कारखान्यात असेल, तर ने-आण कोण करणार आणि गाडीचा खर्च कुठल्या शीर्षाखाली पडणार, हेही आधीच ठरवा.

आणि बहार, म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याचा हंगाम! जूनमध्ये फेलोशिप सुरू करून संत्र्याच्या कारखान्यात गेलात, तर तिथे यंत्रं असतील, फळ नसेल. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. कापसाच्या जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर असतो, भात गिरण्यांचाही तेव्हाच. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख वर्षभर मिळते, पण कोळसा बदलला की तिच्यातला न जळलेला कार्बन बदलतो, म्हणून एका खेपेच्या राखेवर निष्कर्ष काढता येत नाही. योजनेचं वर्ष एप्रिलचं असो की जानेवारीचं, काम सुरू करण्याची तारीख कारखान्याच्या हंगामावरून आणि वार्षिक शटडाउन बघून मागावी. निधी देणाऱ्यांनीही सुरुवात तीन-चार महिने मागेपुढे करायची मुभा ठेवली पाहिजे. ती नसली तर अर्धा पैसा वाट बघण्यात जातो.

आता करार. पुष्पगुच्छ देऊन फोटो काढतात तो सामंजस्य करार इथे पुरत नाही. मुद्रांकावर सह्या झालेला करार लागतो. महाराष्ट्रात आता किमान 500 रुपयांचा मुद्रांक आहे. त्यातलं सर्वात महत्त्वाचं कलम शोधाच्या मालकीचं. ‘पेटंट दोघांच्या नावावर’ एवढं लिहून बरेच जण समाधानी होतात. पण पेटंट कायद्याचं कलम 50 वाचा. वेगळा करार नसेल तर दोन्ही मालकांचा वाटा समान, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला हिशेब न देता तो शोध स्वतः वापरू शकतो. मात्र परवाना द्यायचा असेल किंवा आपला वाटा विकायचा असेल, तर दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे कंपनीकडे कारखाना आहे, ती उद्यापासून माल काढेल. कॉलेजकडे कारखाना नाही, आणि दुसऱ्या कंपनीला परवाना द्यायचा तर पहिलीला विचारावं लागेल. कागदावर समान वाटा, हातात शून्य. विक्रीवर रॉयल्टी किती, ती कधीपासून, आणि कंपनीने ठरावीक वर्षांत शोध वापरलाच नाही तर हक्क कुणाकडे येतील, हे करारात आकड्यांत लिहायला हवं.

परिषदेत निबंध वाचण्याची घाई असते, कारण बढतीचे गुण निबंधावर मिळतात. पण पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध उघड झाला, की त्याचं नावीन्य गेलं असं समजा. कायद्यातल्या सवलती फार अरुंद आहेत. आधी पेटंट कार्यालयात शोधाचा तात्पुरता तपशील दाखल करा. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क 1,600 रुपये आहे, आणि पूर्ण तपशिलासाठी 12 महिने मिळतात. उलट कंपनीलाही निबंध अडवून धरता येऊ नये. मसुदा दिल्यापासून 30 दिवसांत हरकत न आल्यास संमती समजावी, आणि पेटंटसाठी थांबायचं झालं तर आणखी 60 दिवस, त्यापुढे नाही, असं कलम घालावं. पीएचडीचा विद्यार्थी असेल तर कंपनीला पहिल्याच बैठकीत सांगा की प्रबंध शोधगंगेवर जाणार आहे, जगात कुणालाही तो वाचता येईल. नेमकी कृती आणि ग्राहकांची नावं गुप्त ठेवता येतात. पण निकालच गुप्त ठेवायचे असतील, तर तो विषय पीएचडीला घेऊच नये.

विम्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ईएसआय या कर्मचारी विमा योजनेची वेतनमर्यादा 21,000 रुपये, तेव्हा प्राध्यापक त्यात बसत नाही. तो कारखान्याचा कर्मचारीही नाही, त्यामुळे अपघात झाला तर कारखाना आणि कॉलेज एकमेकांकडे बोट दाखवतात. वैयक्तिक अपघात विमा फेलोशिपच्या खर्चातून, पहिल्या दिवसाआधी काढायचा. सुरक्षा प्रशिक्षण, बूट, हेल्मेट आणि गेटपास यांचा पहिला आठवडा वेगळा धरा. त्या आठवड्यात संशोधन होत नाही.

पैशाच्या बाबतीत दोन ठिकाणी अडतं. सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे पहिला हप्ता ठरल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्याशिवाय, येत नाही. त्याचा सरकारी नमुना जीएफआर 12-ए. मार्चअखेर लेखापालाच्या टेबलावर ते पडून राहिलं, तर पुढचे चार-सहा महिने बदली शिक्षकाचं मानधन अडकतं. दुसरं, कंपनीचा पैसा सल्लागार शुल्क म्हणून आला तर 18 टक्के जीएसटी लागतो. संशोधनासाठी अनुदान म्हणून आला, आणि घेणारी संस्था कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ वा संशोधन केंद्र असेल किंवा तिला आयकर कायद्याखाली त्यासाठी मान्यता असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून सूट आहे. पत्रातला एक शब्द चुकला की हिशेब बदलतो, तेव्हा कंपनीचं पत्र लेखापालाला दाखवूनच स्वीकारा.

उद्योजक मंडळी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. आलेल्या प्राध्यापकाला आयएसओच्या फायली भरायला बसवू नका. तो फुकटचा माणूस नाही, तुमचाही पैसा त्यात आहे. आणि त्याच्यासोबत दोन अधिकाऱ्यांची नावं द्या, एक प्रॉडक्शनमधला, एक क्वालिटीतला. एकाची बदली झाली की काम उघड्यावर पडतं, आणि बदल्या होतातच.

येत्या मृग बहारासाठी कुणाला जायचं असेल, तर उलटं मोजा. फळ फेब्रुवारीत, म्हणजे जानेवारीच्या मध्याला तुम्ही लाइनवर हवेत. करारावर सह्या नोव्हेंबरपर्यंत, कारण व्यवस्थापन मंडळाची बैठक तुमच्या सोयीने होत नाही. प्रश्नाचा मसुदा ऑगस्टमध्ये, कंपनीच्या माणसासमोर बसून. आणि सम सत्राचे ते 240 तास कोण घेणार, हे विभागप्रमुखांना जूनमध्येच, वेळापत्रक ठरण्याआधी, लेखी कळवा.

नमस्कार.