पंचवीस मुलांची खोली

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली. उंबऱ्यांवर सुपं, पानांच्या ओल्या जुड्या.)

सोलापूरचा पूर्व भाग. सकाळी वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत मोजून द्यायच्या, पान आणि तंबाखू घेऊन घरी यायचं, आणि मग दिवसभर मांडीवर सूप. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर आठ-दहा तास हात थांबत नाहीत. रांगतं मूल त्याच सुपाच्या कडेला. कात्री, दोरा, तंबाखूची भुकटी, सगळं त्याच्या हाताशी.

१९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या आवारापुरती. काम घराघरांत गेलं आणि आवारच उरलं नाही. अंगणवाडी काही तासांची, आणि तिथे बसवून शिकवायची मुलं तीन वर्षांपुढची. त्याआधीच्या मुलांसाठी देणग्यांवर चालणाऱ्या पाळणाघराच्या खोल्या आहेत. ही त्यातलीच एक.

(दृश्य: पत्र्यावर चढलेले दोघे. बादलीत चुना.)

देणगीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च हा, छताच्या पत्र्याला चुना. पत्रा आधी झाडून, धुऊन घ्यायचा. चुन्यात थोडा गोंद मिसळायचा आणि ऊन उतरल्यावर दोन हात द्यायचे. तापलेल्या पत्र्यावर लावला तर चुना लागलीच सुकतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात बराचसा वाहून जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना कारण सांगायला नको.

(दृश्य: झाकणाचं पिंप, हात धुणारी मुलं.)

नळाला पाणी काही दिवसांआड. त्यामुळे दोनशे लिटरचं झाकणाचं पिंप हवं, आणि त्याला तोटी हवी, तळापासून दोन बोटं वर, म्हणजे गाळ खाली राहतो. तोटी नसली की मग बुडतो, मगाबरोबर हात बुडतो, आणि एका मुलाचे जुलाब चार दिवसांत दहा मुलांना होतात.

(दृश्य: झोळीत बसवलेलं मूल, काट्याची तबकडी.)

हा पंचवीस किलोचा स्प्रिंगचा काटा. तबकडीवरची प्रत्येक रेघ शंभर ग्रॅमची. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मुलाचे जास्तीचे कपडे उतरवायचे, झोळी हलायची थांबली की डोळा तबकडीच्या समोर धरून वाचायचं. दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमनेच वाढतं. शून्य दोन रेघांनी सरकलेलं असलं, तर महिन्याभराची वाढ त्यातच हरवते, किंवा न झालेली वाढ झालेली दिसते. उंचीचंही तसंच. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच सरळ दाबायचे. उभं करून मोजलं तर सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरतं.

म्हणजे या एका मोजणीला दोन माणसं लागतात.

(दृश्य: पातेल्यात मुगाची खिचडी, दगडी खलात शेंगदाणे.)

२०१३च्या मूळ अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला पूरक आहारातून रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवली होती. पातळ खिचडीने ते साधत नाही. लहान पोट पाण्यानेच भरतं. चमचा तिरका केला तरी खिचडी ओघळू नये, इतकी घट्ट हवी. वरून तेल. सोलापुरात शेंगदाण्याला तोटा नाही, पण या वयाला त्याचं बारीक कूटच घालायचं. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो.

(दृश्य: सेविका. कडेवर एक मूल, दुसरं पदराला.)

आता मुख्य खर्च. केंद्राच्या पाळणा योजनेत एका पाळणाघरात जास्तीत जास्त पंचवीस मुलं, सोबत एक सेविका आणि एक मदतनीस. देणगीच्या अहवालात मात्र लाभार्थ्यांचा आकडा मोठा दिसायला हवा असतो. मग त्याच खोलीत चाळीस मुलं येतात आणि भरवणं, मोजणं, धुणं, झोपवणं सगळंच अर्ध्यावर राहतं. भिंतीवरचं हत्तीचं चित्र तेवढं शाबूत असतं. इथे घरची भाषा तेलुगू असलेली मुलं खूप. तेलुगू बोलणारी सेविका सोडून गेली की नवीला रुळायला महिने जातात. ती सोडून जाते बहुधा मानधन रखडलं म्हणून.

देणगीदार म्हणतात, पगाराला पैसे देता येत नाहीत, पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या, एकूण कारभारखर्चाला आहे. प्रकल्पात राबणाऱ्या सेविकेचं मानधन प्रकल्पखर्चातच धरता येतं. संस्थेकडे आयकराची १२अ आणि ८०जी, आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१, या नोंदण्या हव्यात, एवढंच. शिवाय असा प्रकल्प सुरू झाल्याचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत मंजूर करता येतो. तरी बहुतेक पैसा एका वर्षाचा, आणि तोही फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडतो. तेवढ्या दिवसांत खर्चून दाखवता येतात ती खेळणी आणि रंग.

(दृश्य: बंद दार, कुलूप.)

या खोलीचं भाडं थकलं. मुलं पुन्हा सुपाशेजारी.

(दृश्य: वहीत प्रस्तावाचं कच्चं पान.)

नव्या प्रस्तावात पहिली ओळ दोघींच्या बारा महिन्यांच्या मानधनाची आहे. दुसरी भाड्याची, तिसरी मूग, तांदूळ, तेलाची. चुना पाचव्या ओळीत. रंगाची ओळ नाही.