दात, छिद्रे आणि दिवा : रामबागेतील प्रोजेक्टर

(दृश्य : काळोख. तेलाने माखलेले एक बोट दातेरी चाक सावकाश फिरवते आहे.)

चाकाच्या एकाच कडेला दात आहेत, दुसरी कड गुळगुळीत आहे. एवढे पाहून समोर बसलेल्या गृहस्थांनी प्रोजेक्टरचे झाकण पुन्हा लावले आणि वहीत नोंद केली : 'सोळा मिलिमीटर, बोलका.' यंत्रावरील नावाची पट्टी त्यांनी अजून वाचलेली नाही. ती पुष्कळदा गळून पडलेली असते, क्वचित दुसऱ्याच यंत्रावरून आणून बसवलेली असते, आणि ती अस्सल असली तरी तिच्यावरून सगळे कळते असे नाही. १९७० मध्ये व्हिएन्नाच्या आइमिग कंपनीने स्वित्झर्लंडच्या पायार कंपनीकडून बोलेक्स या कॅमेरे-प्रोजेक्टरांचा व्यवसाय विकत घेतला, आणि त्यानंतर बोलेक्सच्या नावाने विकल्या गेलेल्या काही यंत्रांच्या पोटात आइमिगचीच रचना असे. दातांना मात्र नाव बदलता येत नाही.

(दृश्य : रामबागेतील घराचा लाकडी जिना, माडीवरची फडताळे.)

इंदूरच्या रामबागेतील या माडीवर तीन फडताळे भरून घरगुती प्रोजेक्टर आहेत. त्यांच्या मालकांना, म्हणजे या गृहस्थांना, गल्लीत सगळे काका म्हणतात आणि त्यांच्या इच्छेवरून आम्हीही तेवढेच म्हणणार आहोत. काकांनी उभी हयात सियागंजाच्या बाजूला विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करण्यात घालवली. दुरुस्तीला आलेला आणि परत कोणी न नेलेला एक प्रोजेक्टर हे या संग्रहाचे मूळ. त्यात लागलेले रीळ कोणाच्या घरचे होते, हे त्यांना आजतागायत कळलेले नाही.

(दृश्य : पांढऱ्या कापडावर तीन फिल्मपट्ट्या, शेजारी शेजारी.)

यंत्र ओळखण्यासाठी आधी फिल्म ओळखावी लागते, म्हणून काका पाहुण्यांसमोर प्रथम हे कापड अंथरतात. सर्वांत रुंद पट्टी सोळा मिलिमीटरची आहे. ईस्टमन कोडॅकने हे माप १९२३ मध्ये बाजारात आणले. चित्रपटगृहांतली पस्तीस मिलिमीटरची फिल्म त्या काळी नायट्रेटची, भडकन पेट घेणारी होती, आणि ती घरात येणे कोणालाच परवडणारे नव्हते. नवी फिल्म न भडकणाऱ्या अ‍ॅसिटेटवर बनवली गेली. पस्तीसची पट्टी मधोमध चिरली तर साडेसतरा मिलिमीटर भरते, सोळा नव्हे. नायट्रेट चिरून कोणी घरच्या यंत्रात घालू नये, हे सोळाचे माप निवडण्याचे एक कारण म्हणून सांगितले जाते. काकांना हे कारण फार आवडते. धोका आधी ओळखून माप ठरवणारा माणूस त्यांना आपल्या धंद्यातला वाटतो.

(दृश्य : भिंगातून दिसणारी छिद्रे.)

मुक्या सोळा मिलिमीटर फिल्मला दोन्ही कडांना छिद्रे असत. पुढे फिल्म बोलू लागली तेव्हा ध्वनीच्या रेघेसाठी एका कडेची छिद्रे काढून टाकावी लागली. त्यामुळे ज्या प्रोजेक्टरच्या चाकांना दोन्ही कडांना दात आहेत तो मुक्या फिल्मसाठीच घडवलेला आहे, आणि त्यात बोलकी फिल्म घातली की रिकाम्या कडेचे दात सरळ ध्वनिरेघेत घुसतात. बोलक्या यंत्रात मुकी फिल्म मात्र सुखाने चालते. ध्वनिरेघेत दातांनी भोके पाडलेले असे एक बोलके रीळ या फडताळात आहे. ते बिघडले ते काकांच्याच हातून, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

(दृश्य : मधली पट्टी, शेजारी पेन्सिल आणि दोन रिकामी रिळे.)

आठ मिलिमीटरचे माप १९३२ चे, म्हणजे जागतिक मंदीच्या काळातले. त्यातली काटकसर पाहण्यासारखी आहे. पंचवीस फुटांची सोळा मिलिमीटर रुंद फिल्म, पण नेहमीच्या दुप्पट छिद्रांची, कॅमेऱ्यात घालायची. एक बाजू संपली की रीळ उलटून दुसरी बाजू भरायची. धुलाई झाल्यावर पट्टी उभी चिरून दोन्ही तुकडे जोडायचे. असे पन्नास फूट तयार होत, आणि सेकंदाला सोळा चौकटींच्या, म्हणजे सोळा चित्रांच्या, वेगाने ते चार मिनिटांहून थोडे अधिक चालत. मुंज असो की मंगळागौर, घरच्या कॅमेऱ्याने टिपलेला प्रसंग एका रिळात याच चार मिनिटांत बसवावा लागे.

१९६५ मध्ये सुपर आठ आली. रुंदी तीच, पण छिद्रे बारीक केल्यामुळे चित्राला सुमारे दीडपट जागा मिळाली. कॅमेऱ्यात भरण्याच्या डबीत पन्नास फूट फिल्म असे आणि अठरा चौकटींच्या वेगाने ती तीन मिनिटे वीस सेकंद पुरे. दोन्ही पट्ट्या उघड्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखणे वयस्क माणसाला कठीण जाते, त्यासाठी काकांनी पेन्सिलीचा उपाय काढला आहे. जुन्या आठ मिलिमीटरच्या रिळाच्या मधल्या भोकात पेन्सिल जेमतेम बसते. सुपर आठचे भोक जवळपास अर्धा इंच असल्याने त्यात पेन्सिल खुळखुळते. यंत्राच्या ज्या दांड्यावर रीळ चढवतात त्यालाही हीच कसोटी लागू पडते. सत्तरीच्या दशकातली पुष्कळ यंत्रे दुहेरी आहेत, खटका फिरवला की दोन्ही मापे चालवतात. खटका चुकीच्या बाजूला राहिला की पडद्यावर चित्र नाचू लागते आणि विकत घेणारा यंत्रच बिघडले असे समजून ते मातीमोलाने परत देतो. काकांची निम्मी खरेदी अशीच झालेली आहे, हे ते लपवत नाहीत.

(दृश्य : तिसरी पट्टी. छिद्रे कडेला नसून दोन चौकटींच्या मधोमध आहेत.)

ही साडेनऊ मिलिमीटरची पट्टी. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ च्या डिसेंबरात 'पाथे बेबी' नावाने हिचे छोटे यंत्र विक्रीला आणले. छिद्र मधोमध असल्यामुळे कड वाया जात नाही, आणि सोळा मिलिमीटरपेक्षा कितीतरी अरुंद असूनही चित्र जवळजवळ तेवढेच मोठे मिळते. या माडीवरच्या यंत्राला मोटार नाही. हाताने दांडा फिरवावा लागतो. फिल्मच्या कडेला येथे जी खाच दिसते ती उंदराने कुरतडलेली नाही. मजकुराच्या चौकटीपाशी ती मुद्दाम कापलेली असे. यंत्रातल्या आकडीला खाच सापडली की दांडा फिरत असतानाही फिल्म काही सेकंद जागच्या जागी थांबे आणि प्रेक्षकांना मजकूर वाचता येई. एरवी ज्याला फुटांच्या हिशेबाने फिल्म लागली असती, ते काम एकदोन चौकटींत होई. हीच फिल्म खाच न ओळखणाऱ्या नंतरच्या यंत्रात घातली की मजकूर डोळ्यांसमोरून सटकन निघून जातो.

(दृश्य : फिल्मच्या कडेवर छापलेला त्रिकोण.)

कोडॅकची फिल्म असेल तर कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा सापडतात आणि त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळते. एकटा त्रिकोण १९३८ चा, पण दर वीस वर्षांनी खुणा पुन्हा येत असल्याने तोच १९५८ चाही. येथे रंगही मदतीला येत नाही, कारण सोळा मिलिमीटरची रंगीत कोडॅक्रोम फिल्म १९३५ पासूनच मिळत होती. या रिळाचा निकाल गणपतीच्या मिरवणुकीने लावला : एका गच्चीवर अशोकचक्र असलेला तिरंगा फडकतो आहे.

(दृश्य : अटाल्याचे दुकान. तारांचे भेंडोळे, पंख्यांची पाती, एक प्रोजेक्टर.)

भंगाराला इंदुरात अटाला म्हणतात आणि येथली मराठी घरेही तोच शब्द वापरतात. काका महिन्यातून एकदा या दुकानांतून फेरी मारतात. यंत्राला अजून गिऱ्हाईक आहे. हॉटेलांच्या दर्शनी भागात ठेवण्यासाठी लोक ते घेतात, आतली मोटार आणि भिंगे काढून टाकतात, दिव्याच्या जागी रंगीत बल्ब बसवतात. यंत्राबरोबर आलेली रिळे वेगळ्या पोत्यात जातात. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी काढून घेणारे ती वजनावर नेतात.

(दृश्य : माडी. एक बाई पत्र्याची पेटी घेऊन येतात.)

"काका, आजोबांची आहे. चालतेय का बघा ना." राजेंद्रनगरहून आलेल्या बाईंनी एवढेच सांगून पेटी उघडली. आत यंत्र आणि रिळे दोन्ही होती. काकांनी यंत्राला हातही न लावता एक डबा उचलून नाकाशी नेला. अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होऊ लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, लोणच्याची जुनी बरणी उघडावी तसा आंबूस वास येतो, फिल्म आकसते आणि फिल्म पुढे ओढणाऱ्या यंत्राच्या आकडीला छिद्रे सापडेनाशी होतात. उष्णता आणि पावसाळी दमट हवा यांनी हे वाढत जाते, आणि घट्ट लावलेल्या डब्यात कोंडलेली वाफ त्याला आणखी वेग देते. पाच डब्यांपैकी दोनांना वास होता. ते लगेच गच्चीलगतच्या वेगळ्या खोलीत ठेवले गेले, कारण ही वाफ शेजारच्या चांगल्या रिळालाही बाधते.

(दृश्य : यंत्राचे पोट. पट्टा, चाके, सुती आवरणाची वायर.)

मग यंत्राची पाळी आली. हे अमेरिकन बनावटीचे, एकशे वीस व्होल्टचे आणि साठ सायकलचे. आपल्या घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची आणि पन्नास सायकलची. सरळ जोडले असते तर दिवा क्षणात गेला असता आणि मोटार धुरावली असती. साडेसातशे वॉटचा दिवा आणि मोटार मिळून हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागतो. काकांनी तो स्वतः गुंडाळलेला आहे, आणि कॅमेरा समोर असल्याने तो त्यांनी आम्हाला दोनदा दाखवला. वायरचे आवरण बोटांत भुगा होत होते, म्हणून वायर बदलली. पट्टा स्प्रिंगसारख्या पोलादी तारेचा असल्याने शाबूत होता. नंतरच्या यंत्रांतले रबरी पट्टे आणि चकत्या वितळून डांबरासारख्या होतात, आणि काही सोळा मिलिमीटरच्या यंत्रांतला नायलॉनचा वर्म गिअर (मळसूत्री दातेचाक) तडकून अख्खे यंत्र एका सुट्या भागापायी निकामी होते. त्यामुळे जुनाट, जड आणि कुरूप यंत्राकडे काका आधी वळतात. तरुण संग्राहक चकचकीत यंत्रे घेतात याचे त्यांना वाईट वाटते, आणि ते बोलूनही दाखवतात.

यंत्र पहिल्यांदा फिल्मशिवाय, दिव्याशिवाय फिरवले गेले, मग दिवा लावून, आणि तेही कोणी वापरलेली, फुकट गेली तरी चालेल अशी पट्टी घालून. अशा दिव्यांचे आयुष्य बहुधा पंचवीस तासांच्या आसपास धरलेले असते आणि ते आता सहज मिळत नाहीत. काका प्रत्येक दिव्याची वेगळी नोंद ठेवतात.

(दृश्य : संध्याकाळ. खिडक्यांना चादरी. भिंतीला चुना.)

वास नसलेल्या तीन रिळांपैकी एक निवडले गेले. फिल्म वरच्या दातेरी चाकातून निघते, गेटच्या, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकोनी खिडकीच्या, वर तिला सैल वळसा द्यावा लागतो, गेटच्या खाली तसाच दुसरा. आकडी फिल्मला हिसक्याहिसक्याने ओढते आणि दातेरी चाके ती अखंड फिरवत असतात. हा सैल वळसा नसेल तर त्या दोहोंच्या ओढाताणीत फिल्म फाटते. शटरला, म्हणजे दिव्याचा उजेड मधूनमधून अडवणाऱ्या फिरत्या चकतीला, तीन पाती आहेत. सेकंदाला सोळा चौकटी, आणि प्रत्येक चौकट तीनदा, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा भिंत उजळते आणि अंधारते. एवढ्या वेगाने डोळ्याला अंधार दिसत नाही.

(दृश्य : भिंतीवरील चित्र. निवेदन थांबते. यंत्राचा आवाज.)

इंदूरचा राजवाडा. वरचे लाकडी मजले, खाली टांगे. १९८४ च्या आगीत या वाड्याचा बराच भाग जळाला.

(दृश्य : नऊवारीतली एक बाई कॅमेऱ्यापुढे हात धरते. पेटी आणणाऱ्या बाईंचा चेहरा. निवेदन नाही.)

(दृश्य : रीळ संपते. फिल्मचे शेपूट चाकावर आपटत राहते.)

काकांनी आधी दिवा बंद केला. पंखा आणखी पाच मिनिटे चालू राहिला, कारण दिवा तापलेला असताना हलला तर आतली तार तुटते. चादरी काढेपर्यंत कोणी बोलले नाही. मग त्यांनी दिव्याची वही उघडून त्या दिवशीची तारीख घातली आणि पुढे लिहिले : चार मिनिटे.