रॉथ्कोचे पातळ थर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या चित्रांसमोर लोक रडतात, असं अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को सांगत असे, आणि त्याला ती चित्र पोचल्याची खूण वाटे. शोक, परमानंद, विनाशाची जाणीव या मूळ भावनाच मांडायच्या, हा त्याचा ध्यास होता. पण भावनेच्या भरात रंग फासलाय, असं त्याच्या कॅनव्हासवर सहसा दिसत नाही. भावना तिथे थराथराने चढवलेली आहे.

रॉथ्कोचा जन्म १९०३चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या द्विन्स्कचा. दहाव्या वर्षी तो अमेरिकेत आला. येल विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून त्याने न्यूयॉर्क गाठलं आणि कित्येक वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. तिसाच्या दशकात त्याने भुयारी रेल्वेच्या स्थानकांची चित्रं काढली, पुढे पुराणकथांतले आकार. १९४९-५०च्या सुमारास हे सगळं गळून पडलं आणि एकावर एक तरंगणारे दोन-तीन आयत उरले.

त्याची कृती ऐका. अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर तो सशाच्या कातडीचा सरस लावी. रंगद्रव्याची पूड सरसातच कालवलेली असल्यामुळे रंग धाग्यात मुरे. त्यावर तैलरंगाचा हात, तोही कडांवरून मागे वळवलेला, म्हणून या चित्रांना फ्रेम नको असते. मग टर्पेन्टाइनने पार पातळ केलेले थर. काहींत अंडं, काहींत डॅमर राळ. मिश्रण बदललं की एक पट्टा चमकतो, शेजारचा कोरडा राहतो. उजेड वरच्या थरातून आत जाऊन खालच्या रंगावरून परततो, म्हणून चित्र आतून उजळल्यासारखं वाटतं. आयतांच्या कडा तो पुसट ठेवी. तिथे रेघ ठाम आली असती, तर नुसते रंगीत चौकोन उरले असते.

या पातळपणाची किंमतही आहे. टर्पेन्टाइन जास्त झालं की रंगाला धरून ठेवणारं तेल विरळ होतं आणि पूड जेमतेम चिकटून राहते. वर व्हर्निशचं कवच नसतं. २०१२मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात एकाने त्याच्या चित्रावर शाईने लिहिलं, तेव्हा शाई थेट थरांत झिरपली. दुरुस्तीला सुमारे दीड वर्ष लागलं. हार्वर्ड विद्यापीठासाठी त्याने कॅनव्हासवर केलेल्या भित्तिचित्रांचं दुखणं वेगळं. त्यांत लिथॉल रेड हा उन्हात न टिकणारा लाल वापरला होता आणि ती टांगली मोठ्या खिडक्यांच्या दालनात. किरमिजी रंग उडून फिकट निळसर झाला आणि १९७९मध्ये चित्रं उतरवावी लागली. माझ्या मते हे नुकसान केवळ रंगाचं नव्हे, तिथे भावनाच पुसली गेली. २०१४मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाने कॅनव्हासला हात न लावता, मोजून ठरवलेला रंगीत प्रकाश त्यावर टाकून मूळ छटा दाखवल्या.

१९६८मध्ये महाधमनीच्या आजारानंतर डॉक्टरांनी मोठे कॅनव्हास बंद करायला सांगितले. मग कागद आणि लवकर वाळणारं ॲक्रिलिक आलं. फेब्रुवारी १९७०मध्ये त्याने आयुष्य संपवलं. ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहासाठी केलेली १४ चित्रं पुढच्या वर्षी लोकांसाठी खुली झाली.

त्याचं मूळ चित्र पाहायला मिळालं, तर त्याने सुचवलेल्या अठरा इंच अंतराचा विचार करून, संग्रहालय परवानगी देईल तितकं जवळ जा. उजेड मंद असेल तर डोळे सरावेपर्यंत काही मिनिटं थांबा, मग आयतांच्या कडा पाहा. छापील प्रतीत किंवा मोबाइलच्या पडद्यावर चमक आणि कोरडेपणा यांतला फरकच उतरत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून मत बनवू नका.