अमेरिकेविरुद्ध लढला आणि अमेरिकेचाच जनरल झाला!

नमस्कार मंडळी! आजचा गडी जोसेफ व्हीलर. बुटका, किरकोळ अंगाचा, १८५९ ला वेस्ट पॉइंट मिलिटरी अकॅडमीतून पास झाला तेव्हा २२ जणांत १९ वा, म्हणजे आपल्या भाषेत ढकलपास!

दोन वर्षांत सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध पेटलं. गुलामी टिकवायला दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, हा त्यांच्याकडून लढला आणि पंचविशीतच घोडदळाचा प्रमुख झाला. लढायांत ह्याच्या मांडीखालचे १६ घोडे गेले म्हणतात. ऐकायला भारी वाटतं ना, पण थांबा. डिसेंबर १८६४, जॉर्जियातला एबेनेझर क्रीक नावाचा ओढा. उत्तरेच्या फौजेमागोमाग सुटका झालेले शेकडो गुलाम चाललेले, बायकापोरांसकट, आणि त्या फौजेने काय केलं तर स्वतः पलीकडे गेली आणि पूलच काढून घेतला, मागून व्हीलरचं घोडदळ येतंय हे माहीत असताना! लोकांनी गारठलेल्या पाण्यात उड्या टाकल्या, कित्येक बुडाले, काठावर राहिलेल्यांतले बरेच पुन्हा पकडले गेले. धुतल्या तांदळासारखं तिथे कोणीच नव्हतं.

पुढे साहेब अलाबामातून खासदार. ही पण गंमतच, १८८० ची निवडणूक जिंकला, विरोधकाने निकालावर तक्रार केली, १८८२ मध्ये ह्याची सीट काढून त्याला दिली, तो बिचारा काही महिन्यांत वारला आणि पोटनिवडणुकीत परत हाच!

मग १८९८, स्पेनशी युद्ध. प्रेसिडेंट मॅकिन्लींनी ६१ वर्षांच्या ह्या खासदाराला मेजर जनरल केलं, कारण उत्तर-दक्षिण आता एक झालेत हे जगाला दाखवायचं होतं. घोडदळ स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबाला निघालं, पण जहाजांत जागाच नाही, बहुतेक घोडे फ्लोरिडातच राहिले, म्हणजे घोडदळ चालत! लास ग्वासिमासच्या लढाईत स्पॅनिश मागे हटले तेव्हा म्हातारा जोशात 'यांकी पळाले रे' असं ओरडला, असा किस्सा सांगतात. यांकी म्हणजे सिव्हिल वॉरमधले त्याचे जुने शत्रू, उत्तरेचे सैनिक! आता बघा, हाताखाली कोण, तर पुढे प्रेसिडेंट झालेल्या रूझवेल्टचे रफ रायडर्स, म्हणजे स्वयंसेवक घोडेस्वार, आणि नववी-दहावी कॅव्हलरी. ह्या दोन्ही काळ्या सैनिकांच्या घोडदळ रेजिमेंट हां! त्यातल्या कितीजणांचे आईबाप गुलाम असतील, आणि आज त्यांना ऑर्डर कोण देतंय?

१९०६ ला वारला, पुरला आर्लिंग्टनला, अमेरिकन सैनिकांच्या मानाच्या दफनभूमीत. पुढे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, अलाबामाने त्याचा पुतळा पण बसवला. त्याच अलाबामाने १९०१ ला नवी राज्यघटना आणून काळ्या लोकांचा मतदानाचा हक्क जवळपास संपवला होता.