बिघडलेल्या ऑर्गनची सिंफनी

नमस्कार श्रोतेहो.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा सिंथेसायझर येतो, म्हणजे विजेच्या साहाय्याने स्वर घडवणारं वाद्य. पण सत्तरच्या दशकात जर्मनीत या संगीताची जी कामं झाली, त्यांतलं माझ्या मते सगळ्यांत धीट काम सिंथेसायझरला हातही न लावता झालेलं आहे. ते म्हणजे क्लाउस शुल्त्सेचा ‘इरलिश्ट’ हा अल्बम. साल १९७२, गाव पश्चिम बर्लिन, आणि रेकॉर्ड कंपनी ‘ओर’, म्हणजे कान. दलदलीवर रात्री दिसणारा, वाटसरूला भलतीकडे नेणारा जो उजेड, त्याचं नाव शुल्त्सेने आपल्या पहिल्या एकट्याच्या अल्बमला दिलं.

हा माणूस मूळचा ड्रमर. १९४७चा जन्म, बर्लिनचाच. १९७० साली ‘टँजरीन ड्रीम’ या बँडचा पहिला अल्बम आला, त्यावरचे ड्रम त्याचे. पुढच्या वर्षी ‘आश रा टेम्पल’ या दुसऱ्या बँडच्या पहिल्या अल्बमवरही त्याचेच. दोन्हीकडे एकेक अल्बम करून तो बाहेर पडला आणि स्वतःचं काही करायला बसला, तेव्हा त्याने ड्रम बाजूला सारले. हात तालात मुरलेला असताना ताल असा मुळापासून सोडून द्यायचा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हाताशी होतं तरी काय? तेइस्को कंपनीचा एक बिघडलेला इलेक्ट्रिक ऑर्गन, त्यात त्याने स्वतःच फेरफार केलेले. एक बिघडलेला ॲम्प्लिफायर. टेप रेकॉर्डर. आणि एका वाद्यवृंदाच्या तालमीचं ध्वनिमुद्रण. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतला ‘कोलोक्विउम म्युझिका’ हा तो वाद्यवृंद. ती टेप शुल्त्सेने उलटी फिरवली, गाळली, इतकी बदलली की मूळ काय वाजत होतं ते कळूच नये.

टेप उलटी फिरवल्याने काय होतं, ते जरा बारकाईने पाहू. व्हायोलिनची तार बोटाने छेडली की स्वर लगेच उमटतो आणि मग हळूहळू विरतो. आपल्या कानाला याची इतकी सवय असते, की आवाज जिथून सुरू झाला तिथे वाजवणारा हात आपल्याला जणू दिसतो. उलट्या टेपवर आधी येतो तो विरलेला भाग. स्वर कुठूनतरी उगवतो, भरत जातो आणि ऐन भरात आला की तुटतो. हात कुठेच दिसत नाही. असे वीस-तीस स्वर एकमेकांत मिसळले की वाद्यवृंद वाटतही नाही आणि यंत्रही वाटत नाही. अल्बमच्या उपशीर्षकातच ‘वाद्यवृंद आणि ई-यंत्रांसाठी क्वाड्रोफोनिक सिंफनी’ असे शब्द आहेत. क्वाड्रोफोनिक म्हणजे चार बाजूंनी येणारा आवाज. लोकांच्या हाती मात्र दोन बाजूंचा साधा स्टिरिओच आला.

आपल्याकडचे श्रोते हे ऐकून म्हणतील, ‘अरे, हा तर तंबोरा.’ तुलना चुकीची नाही, पण ती अर्ध्यावर सोडावी लागते. तंबोरा झंकारू लागला की आपण गवयाची वाट बघतो. इथे गवई येतच नाही. धरलेला स्वर हाच सगळा ऐवज, आणि त्याच्या पोटात जे बदल होतात तेवढेच ऐकायचे. पहिल्यांदा ऐकताना चिडचिड होते ती यामुळेच. दहा-बारा मिनिटं धीर धरा. पहिला भाग आहे ‘एबेने’, म्हणजे सपाट माळ. त्यात ऑर्गनचे जाड, लांबलचक स्वरसमूह एकावर एक चढू लागतात आणि तोवर कान बदललेले असतात. अशा संथ, भोवताल भरून टाकणाऱ्या संगीताला ‘अँबियंट’ म्हणतात. इंग्लिश संगीतकार ब्रायन इनोने हे नाव आपल्या अल्बमवर छापलं ते १९७८ मध्ये. त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

आता पुनर्प्रकाशनांकडे येतो, कारण हा अल्बम दर वेळी नव्या रूपात आला आणि दर वेळी थोडा वेगळा ऐकला गेला.

मूळ एलपीची पहिली बाजू २९ मिनिटांची आहे. एलपीच्या एका बाजूला हा मजकूर फार झाला. तेवढ्याच जागेत जास्त वेळ बसवायचा तर खाचा बारीक आणि दाट कोराव्या लागतात आणि त्यासाठी आवाज खाली आणावा लागतो. आवाज खाली गेला की सुईची खरखर वर येते. ठेका असलेल्या संगीतात ती झाकली जाते, इथे झाकायला काहीच नाही. म्हणून एरवी एलपीचं कितीही कौतुक करा, ‘इरलिश्ट’च्या बाबतीत माझं मत सीडीच्या बाजूने आहे.

‘ओर’ काही वर्षांतच बंद पडली. पुढे ‘ब्रेन’ या जर्मन लेबलने अल्बम पुन्हा काढला. मधल्या काळात शुल्त्सेचं नाव झालं होतं. त्याच्या १९७५च्या ‘टाइमविंड’ या अल्बमला फ्रान्सचं ग्रां प्री द्यु दिस्क हे पारितोषिक मिळालं होतं. त्यात सिक्वेन्सर आहे, म्हणजे ठरवलेले स्वर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र, आणि पळती लय आहे. त्या लयीच्या ओढीने जे मागे वळून पहिल्या अल्बमपाशी आले, त्यांच्या कानी पडला हा लय नसलेला, काळोखा आवाज. तेव्हा ‘इरलिश्ट’ पुढच्या यशाची कच्ची तयारी म्हणून ऐकला गेला आणि तो शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. मला हे मुळीच पटत नाही. यंत्रं आली, पैसा आला, तसतशी शुल्त्सेची हुकमत वाढली हे खरं. पण हातात एक बिघडलेलं वाद्य असताना त्याने जो धोका पत्करला, तो पुढे पुन्हा क्वचितच दिसतो.

२००६ मध्ये ‘रिव्हिजिटेड रेकॉर्ड्‌स’ने काढलेल्या सीडीवर ‘डंजन’ नावाची २४ मिनिटांची जादा रचना आहे. अभ्यासकांना ती हवीच, आणि अप्रकाशित साहित्य बाहेर आणल्याबद्दल आभारच मानायला हवेत. फक्त ती तिथे नको होती. मूळ अल्बमचा तिसरा भाग ‘एक्झील झिल्स मारिया’. झिल्स मारिया हे स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव, तत्त्वज्ञ नीत्शे तिथे कित्येक उन्हाळे राहिला. हा भाग कुठेही पोचत नाही, कसलाही निकाल देत नाही आणि संपतो. ते संपणं शुल्त्सेने ठरवलेलं आहे. त्याला लागूनच दुसरं काही सुरू झालं, की ऐकणाऱ्याला वाटतं, गोष्ट अजून चालू आहे.

शुल्त्से २६ एप्रिल २०२२ रोजी गेला. जाईपर्यंत तो काम करत होता.

आता आपण तिसरा भाग पूर्ण ऐकणार आहोत, २१ मिनिटं २५ सेकंद. जमलं तर हेडफोन लावा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा. मुद्रण २००६च्या सीडीवरचं आहे. ‘डंजन’ आज लावणार नाही.