डोक्याला मार, मग लाल डोळा

कुणी माडावरून पडतो, कुणी मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकीवरून. डोक्याचं सीटी स्कॅन होतं, तब्येत सावरते, माणूस घरी येतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एक डोळा लाल होतो. घरातले म्हणतात, डोळे आलेत. दुकानातून थेंब येतात आणि मोलाचा वेळ जातो.

डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, कॅव्हर्नस सायनस ही शिरांची पोकळी असते. मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी तिच्यातूनच जाते. तळाचं हाड मोडलं की धमनीला चीर पडू शकते आणि तिचं जोरदार रक्त थेट पोकळीत शिरतं. हा कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला. डोळ्यातलं रक्त याच पोकळीत उतरतं. भरतीला खाडीचं पाणी मागे रेटावं तसा तो प्रवाह उलटतो. डोळा पुढे येतो, नाडीबरोबर उडतो. डोळ्यातला दाब नेहमीच्या १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या वर चढतो. निचरा तुंबतो, ताजं रक्त कमी पोचतं, आणि पडदा व दृष्टीची नस उपाशी राहते. डोळा बाहेर वळवणारी नस दबली, तर एकाचे दोन दिसतात.

डोळे आले की चिपडं येतात. इथे ती सहसा नसतात; नागमोडी, फुगलेल्या शिरा बुबुळाच्या कडेपर्यंत जातात. रुग्णाला विचारा: रात्री डोक्यात सूं-सूं ऐकू येतं का? शांत खोलीत स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, मिटलेल्या पापणीवर अलगद ठेवा. दुसरा डोळा उघडा ठेवून नजर एका जागी लावायला आणि क्षणभर श्वास रोखायला सांगा. नाडीच्या तालात फुसफुस आली, तर रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवा. आवाज आला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

सीटी अँजिओग्राफीत डोळ्यामागची फुगलेली शीर दिसते. पक्कं निदान डीएसएने, म्हणजे धमनीत नळीने रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रे चित्रांनी होतं. बहुधा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन कॉइल (धातूच्या बारीक तारेची गुंडाळी) किंवा सुटणाऱ्या फुग्याने चीर बुजवतात. असे फुगे सोव्हिएत मेंदू-शल्यविशारद सेर्बिनेन्को यांनी १९७४ साली जगापुढे मांडले. टिमोलॉलचे थेंब दाब उतरवतात, चीर बुजवत नाहीत. उपचारानंतर सूज लवकर ओसरते, दुहेरी दिसणं जायला महिने लागू शकतात, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही.

कोकणातून गोवा, कोल्हापूर किंवा मुंबईला निघण्याआधी फोन करून विचारा: डीएसए आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत कॉइल घालणारे तज्ज्ञ, दोन्ही आहेत का? अपघातानंतरच्या सीटीची सीडी सोबत घ्या, नुसता अहवाल नको.